साडेसात डॉलरची पंधरा मिनिटं

अमेरिकेतल्या वृत्तवाहिन्यांच्या नावाने बोटं मोडून झाली की एक वाक्य हमखास येतं: फेअरनेस डॉक्ट्रिन होता तोवर असं नव्हतं. अध्यक्ष रेगन यांच्या काळात, १९८७ मध्ये, हा निष्पक्षतेचा नियम मोडीत निघाला आणि तिथून सगळं बिघडलं, असा हा हिशेब. तो अर्धाच खरा आहे.

मुळात प्रश्न जागेचा होता. एका लहरीवर दोन केंद्रं आली की दोघांचंही ऐकू येत नाही. म्हणून १९२७ च्या कायद्याने परवाने आले, १९३४ मध्ये रेडिओसारख्या प्रसारणावर देखरेख करणारा एफसीसी हा सरकारी आयोग आला. लहरी जनतेच्या, केंद्रचालक नुसता राखणदार. १९४१ मध्ये तर बोस्टनच्या एका केंद्राच्या प्रकरणात आयोगाने बजावलं, की केंद्राने स्वतःची बाजू मांडूच नये. हे फारच झालं, म्हणून १९४९ मध्ये सूट मिळाली: मत मांडा, पण वादाच्या सार्वजनिक प्रश्नांना वेळ द्या आणि विरुद्ध बाजूही ऐकवा. हाच तो फेअरनेस डॉक्ट्रिन. मिनिटाला मिनिट मोजून द्या, असं त्यात नव्हतं. उमेदवारांना समान संधी देण्याचं कलम वेगळं. ते कायद्यातच आहे.

या नियमाची खरी कसोटी लागली पेन्सिल्व्हेनियातल्या रेड लायन या लहानशा गावात. नोव्हेंबर १९६४ मध्ये तिथल्या रेडिओ केंद्रावरून बिली जेम्स हार्गिस या कडव्या कम्युनिस्टविरोधी पाद्र्याने पत्रकार फ्रेड कुक यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. कुक यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याविरुद्ध पुस्तक लिहिलं होतं. कुक यांनी उत्तरासाठी फुकट वेळ मागितला. केंद्राने दरपत्रक धाडलं. हार्गिस यांना ती पंधरा मिनिटं साडेसात डॉलरला पडली होती! एवढ्याशा रकमेवरून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये एकमताने निकाल लागला: केंद्रचालकापेक्षा श्रोत्याचा हक्क मोठा.

गोष्ट इथेच संपती तर नियमाचे गोडवे गाता आले असते. पण १९७५ मध्ये सीबीएस न्यूजचे माजी प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी उघड केलं, की कुक एकटे नव्हते. उजव्या रेडिओ कार्यक्रमांवर कान ठेवायचा आणि उत्तराला वेळ मागत राहायचं, अशी मोहीमच डेमोक्रॅटिक पक्षाच्या मंडळींनी चालवली होती. फुकट वेळ देणं छोट्या केंद्रांना परवडणार नाही, कटकट नको म्हणून ती असे कार्यक्रमच बंद करतील, हा डाव. समतोलाचा नियम असा गप्प बसवायलाही कामी येत होता. दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ नव्हते: ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या कंपनीच्या फ्लोरिडातल्या टीव्ही केंद्रांच्या परवान्यांना पुढे रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांच्या गोटातल्या लोकांनी आव्हान दिलं. वर्तमानपत्रांना मात्र उत्तर छापण्याची सक्ती करता येत नाही, असं त्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सांगितलं.

रेगन यांनी नेमलेले आयोगाचे अध्यक्ष मार्क फाउलर टीव्हीला चित्रं दाखवणारा टोस्टर म्हणत. १९८७ च्या जूनमध्ये नियमाला कायद्याचं रूप देणारं विधेयक रेगन यांनी नकाराधिकाराने परत पाठवलं आणि ऑगस्टमध्ये आयोगाने नियम सोडून दिला. पुढच्याच ऑगस्टमध्ये उजव्या विचारांचे रेडिओ निवेदक रश लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागले. पण त्यांना वाट करून दिली ती गाण्यांनीही: गाणी एफएमवर गेली आणि एएम केंद्रांना बडबडीशिवाय खपण्यासारखं काही उरलं नाही. १९९६ मध्ये देशभरातल्या रेडिओ केंद्रांच्या मालकीवरची मर्यादा उठली, तेव्हा एकच आवाज शेकडो गावांत पोचवणं आणखी सोपं झालं.

फॉक्स न्यूज ही उजवीकडे झुकलेली वृत्तवाहिनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली. ती केबलवरून येते. मोजक्या लहरींचा युक्तिवाद तारेला लावणार कसा? तिचं घोषवाक्य होतं ‘निष्पक्ष आणि संतुलित’. नियम मेल्यावर त्याचीच भाषा या वाहिनीने जाहिरातीला घेतली आणि वीसेक वर्षं वापरली. नियमाचा मजकूर आयोगाच्या पुस्तकातून खोडला गेला तो २०११ मध्ये, चोवीस वर्षांनी.