रिअल-टाइम संगणन

उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही, ते ठरलेल्या मुदतीतच मिळावे लागते, अशा संगणनाला रिअल-टाइम संगणन म्हणतात. वेगाशी त्याची नेहमी गल्लत होते. एरवी सुसाट, पण हजारात एकदा अडखळणारा संगणक इथे कुचकामी. सावकाश का होईना, दर खेपेला मुदत पाळणारा चालतो. त्यामुळे एखादे काम जास्तीत जास्त किती वेळ खाईल यावर अशा यंत्रणेची पारख होते. सरासरीला फारसा अर्थ नाही.

सोलापुरात याचे उदाहरण टॉवेलच्या कारखान्यात सापडते. इलेक्ट्रॉनिक रेपिअर माग (आडवा धागा दांड्याने ओढून नेणारा) मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद मिळतात. आडवा धागा सरकतो आहे की तुटला, हे सेन्सर सांगतो. तुटला असेल तर नियंत्रकाने लगेच ब्रेक लावायचा. उशीर झाला तर माग तसाच पुढे विणतो आणि कापडात दोष राहतो. तो माल दुय्यम ठरतो. जीव कोणाचा जात नाही.

शहराजवळच्या एनटीपीसीच्या वीज केंद्रात मात्र मुदत चुकवून चालत नाही. तिथे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. ५० हर्ट्झच्या ग्रिडला जोडलेले टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते. भार अचानक सुटला की त्याचा वेग चढू लागतो आणि क्षणार्धात वाफेच्या झडपा बंद कराव्या लागतात. अशा मुदतीला कठोर म्हणतात. व्हिडिओ कॉलमध्ये चित्र जरा थबकले तर माणूस वैतागतो, एवढेच. ती मुदत सौम्य. गाडी कुठवर आली हे दाखवणारे मोबाइल ॲपही ‘रिअल-टाइम’ म्हणवते, पण त्याला काटेकोर मुदत क्वचितच असते.

एकाच प्रोसेसरवर अनेक कामे असली की कोणाला आधी संधी द्यायची, हा खरा पेच. लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये त्याचे गणित मांडले: ज्या कामाची पाळी वारंवार येते त्याला वरचा अग्रक्रम द्यावा. तरीही घोटाळे होतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. हवामानाच्या कनिष्ठ कामाने एक सामायिक कुलूप (सामायिक माहिती एका वेळी एकाच कामाला वापरू देणारी सोय) अडवून ठेवले होते, मधल्या अग्रक्रमाची कामे त्या कनिष्ठ कामाला पुढे सरकू देत नव्हती आणि सर्वांत महत्त्वाचे काम कुलपाची वाट पाहत ताटकळले होते. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वरचा अग्रक्रम देण्याची सोय प्रणालीत होती, पण बंद होती. अभियंत्यांनी ती पृथ्वीवरूनच चालू केली.

अशा कामांसाठी व्हीएक्सवर्क्स, क्यूएनएक्स, फ्रीआरटीओएस या ऑपरेटिंग प्रणाली वापरल्या जातात. लिनक्सच्या मूळ गाभ्यात रिअल-टाइमची सोय सामील व्हायला २०२४ साल उजाडले.