ब्लॉक उतरल्यानंतरची कळ आधी ओळखता येईल का?

खांद्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन खांद्याकडे जाणाऱ्या नसा बधिर करतात. हा इंटरस्केलिन ब्लॉक. तो टिकून असेपर्यंत दुखणं जवळपास जाणवतच नाही. मग बोटांना मुंग्या येऊ लागतात, हात थोडा हलायला लागतो आणि काही रुग्णांच्या खांद्यात थोड्याच वेळात असह्य ठणका सुरू होतो. याला रिबाउंड पेन म्हणतात. ते कोणाला होणार, हे शस्त्रक्रियेआधीच सांगता यावं यासाठी सध्या बरंच संशोधन चालू आहे. हा प्रश्न पडायला मात्र शंभराहून अधिक वर्षं जावी लागली.

1884 मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि लगेचच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड नसांजवळ कोकेन टोचू लागले. कोकेनच्या या प्रयोगांत ते स्वतः व्यसनात अडकले. 1911 मध्ये जर्मनीत हिर्शेल आणि कुलेनकाम्फ यांनी कातडी न उघडता, नुसत्या सुईने हाताच्या नसांपर्यंत पोचण्याच्या पद्धती मांडल्या. 1940 च्या दशकात बधिर करणारं नवं औषध लिडोकेन आलं, 1957 मध्ये जास्त वेळ टिकणारं ब्युपिवाकेन तयार झालं. 1970 मध्ये अलॉन विनी यांनी इंटरस्केलिन ब्लॉकची जी पद्धत मांडली, तिने खांद्याच्या शस्त्रक्रियेचं चित्र पालटलं. 1990 च्या दशकापासून सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत ब्लॉक देणं सुरू झालं.

या सगळ्या काळात प्रयत्न दोनच गोष्टींसाठी होते: ब्लॉक नीट लागावा आणि जास्त टिकावा. तो उतरताना काय होतं, याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. रुग्ण वॉर्डात असायचा, दुखलं की नर्स इंजेक्शन द्यायची आणि ते शस्त्रक्रियेनंतरचं नेहमीचं दुखणं म्हणून धरलं जायचं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागल्या, रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागले, आणि ब्लॉक उतरण्याची वेळ भूलतज्ज्ञाच्या नजरेआड गेली. रिकव्हरी रूममधल्या नोंदीत वेदना शून्य, म्हणून ब्लॉक यशस्वी. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक या हिशेबात होती, कारण रुग्णाची खरी परीक्षा त्या रात्री घरी व्हायची.

या वेदनेचं मोजमाप झालं ते खांद्यावर नव्हे, गुडघ्यावर. अमेरिकेत लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी ब्रायन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासल्या आणि 2007 मध्ये रिबाउंड पेनचा स्कोअर मांडला: ब्लॉक उतरण्याआधी दुखणं किती होतं आणि उतरल्यावर किती वर गेलं, यातला फरक. 2012 मध्ये घोट्याच्या फ्रॅक्चरवरच्या एका अभ्यासात ब्लॉक घेतलेल्यांना सुरुवातीला आराम दिसला, पण 12 ते 24 तासांच्या सुमारास त्यांचं दुखणं पूर्ण भूल दिलेल्यांपेक्षा जास्त होतं. खांद्याबाबतच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये आला. एकदाच दिलेल्या इंटरस्केलिन ब्लॉकचा फायदा साधारण 8 तासांपर्यंत दिसत होता आणि पुढे वेदना उसळत होती.

यामागचं कारण अजून पूर्ण उलगडलेलं नाही. सोपं स्पष्टीकरण असं, की जखमेची वेदना मुळातच तेवढी असते. ब्लॉकने ती झाकलेली असते आणि झाकण एकदम उघडतं. पण उंदरांवरच्या प्रयोगात रोपिवाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा ब्लॉक उतरताना काही काळ उष्णतेची संवेदना नेहमीपेक्षा तीव्र झालेली आढळली, म्हणजे नसेचाही यात काही वाटा असू शकतो.

भाकिताला खरी चालना मिळाली ती 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासाने. त्यात वेगवेगळ्या शस्त्रक्रियांसाठी ब्लॉक घेऊन त्याच दिवशी घरी गेलेले 972 रुग्ण होते. 10 पैकी 3 किंवा त्याहून कमी असलेलं दुखणं ब्लॉक दिल्यापासून 24 तासांत 7 किंवा त्यावर गेलं, तर ते रिबाउंड पेन धरलं. अशी उसळी जवळपास निम्म्या रुग्णांत आढळली. कमी वय, स्त्री असणं, हाडावरची शस्त्रक्रिया आणि शिरेतून डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड न मिळणं या चार गोष्टींशी तिचा संबंध दिसला. रोटेटर कफ, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे फाटलेले कंडरे शिवताना हाडात अँकर (टाके धरून ठेवणारे छोटे खिळे) बसवावे लागतात, हे लक्षात घेतलं की खांद्याचे रुग्ण या चर्चेच्या मध्यभागी का आले ते कळतं.

त्यानंतर खांद्यासाठी वेगळी मॉडेल्स तयार होऊ लागली. आधीपासूनचं दुखणं, झोप, मनातली धास्ती, शस्त्रक्रियेचा प्रकार अशी माहिती भरायची आणि शक्यतेचा आकडा काढायचा. काहींनी गुणतक्ते केले, काहींनी मशीन लर्निंग वापरलं. अडचण अशी, की कोणी 24 तासांतला आकडा धरतं, कोणी 48. कोणी स्कोअरमधला फरक पाहतं, कोणी नुसती 7 ची रेषा. व्याख्या बदलली की जोखमीतले रुग्णही बदलतात. एकाच रुग्णालयाच्या नोंदींवर बेतलेलं मॉडेल दुसरीकडे तितकंच चालेल, असंही गृहीत धरता येत नाही.

आणि आकडा हातात आल्यावर करायचं काय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्लॉक उतरायच्या आधीच, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी गोळी घ्यायची, कळ येण्याची वाट पाहायची नाही, हे प्रत्येक रुग्णाला सांगायलाच हवं. त्यासाठी मॉडेलची गरज नाही. भाकीत उपयोगी पडेल ते अवघड निर्णयांत. नसेजवळ कॅथेटर, म्हणजे बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवायचं का? त्याने आराम लांबतो, पण श्वासपटलाची त्या बाजूची हालचालही जास्त काळ मंदावू शकते, आणि फुप्फुसं कमकुवत असलेल्या रुग्णाला ते झेपेलच असं नाही. मधुमेहाच्या रुग्णाला डेक्सामेथासोन द्यायचं तर साखरेवर लक्ष ठेवावं लागतं. एखाद्याला एक रात्र रुग्णालयातच ठेवायचं का, हाही असाच निर्णय. मॉडेलच्या आधाराने असे निर्णय घेतल्यावर रुग्णांची ती रात्र खरोखर कमी त्रासाची जाते का, हे तपासणाऱ्या चाचण्या आता व्हायला हव्यात.