गर्भाक्षेपक

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर, प्रसूतीच्या वेळी किंवा प्रसूतीनंतरच्या काळात रक्तदाब वाढून येणारे झटके व त्यांमागून येणारी बेशुद्धी (इंग्रजीत ‘एक्लॅम्प्सिया’). अपस्मार, मेंदूज्वर असे दुसरे कारण सापडत नसेल तरच ही संज्ञा वापरतात. झटक्यांच्या आधीची अवस्था म्हणजे पूर्वगर्भाक्षेपक. बोलीत ‘झटके आले’, ‘फिट आली’ आणि दवाखान्यात ‘बीपी वाढलं’ एवढ्यावर काम भागते. जुन्या लेखनातील ‘गर्भविषबाधा’ हे नाव रक्तात एखादे विष असावे या कल्पनेतून आले. तसे विष हाती लागले नाही आणि नावही मागे पडले.

संज्ञा व प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय १) गर्भपातामुळे, अतिरक्तस्रावामुळे आणि आघातामुळे होणारा ‘अपतानक’ (झटक्यांचा एक रोग) असाध्य सांगितला आहे. काही आधुनिक वैद्यलेखक यालाच गर्भाक्षेपक मानतात. परंतु तेथे सांगितलेली तिन्ही कारणे जखमेशी किंवा रक्तस्रावाशी निगडित आहेत, आणि त्याच प्रकरणात शरीर धनुष्यासारखे वाकवणारा धनुस्तंभही येतो. त्यामुळे अपतानक म्हणजे बहुधा धनुर्वात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच स्थानाच्या आठव्या अध्यायातील उल्लेख जास्त जवळचा आहे. मूढगर्भाच्या (अडलेल्या गर्भाच्या) असाध्य लक्षणांत तेथे ‘विपरीतेन्द्रियार्थ’ (इंद्रियांना भलतेच भासणे), आक्षेपक (झटके), श्वास आणि भ्रम ही लक्षणे एकत्र दिली आहेत. दृष्टिदोषानंतर झटके हा क्रम आजच्या वर्णनाशी जुळतो. मात्र सूज वा लघवीतील बदल यांची जोड तेथे नाही, म्हणून ओळख पक्की म्हणता येत नाही. संहितेचा काळही वादग्रस्त आहे. मूळ भाग इसवी सनापूर्वीचा आणि आजचे स्वरूप नंतरच्या काही शतकांतील संस्करणातून आलेले, असे सामान्यतः मानतात.

‘एक्लॅम्प्सिया’ हा शब्द चमकणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या काजव्यांवरून नाव पडले, अशी व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. रोग विजेसारखा अवचित प्रकटतो म्हणून हे नाव, ही दुसरी उपपत्ती ग्रीक वैद्यकातील वापराशी अधिक सुसंगत दिसते. यूरोपीय स्त्रीरोगग्रंथांत हा शब्द सतराव्या शतकाच्या प्रारंभी आढळतो. अपस्मारापासून त्याची फारकत मात्र अठराव्या शतकात, मुख्यतः फ्रेंच वैद्य सोव्हाज यांच्या वर्गीकरणानंतर झाली. 1843 मध्ये लंडनच्या जॉन लीव्हर यांनी अशा स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन दाखवले. 1896 मध्ये रीव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक आले आणि झटक्यांआधी रोग पकडण्याची वाट खुली झाली.

कारणमीमांसा : दोष वारेत आहे. गर्भाशयाच्या सर्पिल रोहिण्या (नागमोडी धमन्या) वार रुजताना पुरेशा रुंदावत नाहीत, वारेला रक्त कमी पडते आणि तिच्यातून रक्तवाहिन्यांच्या अस्तराला अपायकारक प्रथिने मातेच्या रक्तात उतरतात. म्हणूनच वार पडल्यावर रोग ओसरू लागतो. पहिलटकरीण, फार कमी किंवा पस्तिशीपुढचे वय, जुळे, स्थूलता, मधुमेह, आधीचा उच्च रक्तदाब आणि मागच्या खेपेचा तोच त्रास यांत धोका वाढतो.

ओळख : चार तासांच्या अंतराने दोनदा 140/90 किंवा अधिक रक्तदाब, आणि लघवीत 24 तासांत 300 मिग्रॅ. प्रथिन, हा जुना निकष. प्रथिन नसले तरी बिंबाणू (प्लेटलेट) घटणे, यकृत वा मूत्रपिंड बिघडणे यांवरून आता निदान करतात. 160/110 म्हणजे तीव्र अवस्था. पायांवरची सूज निरोगी गरोदरपणातही येते. चेहरा व हात सुजणे, सकाळी उठल्यावरही सूज न उतरणे, बांगड्या रुतणे, जोडवी निघेनाशी होणे, या गोष्टी बायकांच्या लक्षात आधी येतात आणि त्या बिनमहत्त्वाच्या नाहीत. न थांबणारी डोकेदुखी, अंधारी, उजव्या बरगडीखाली कळ आणि लघवी कमी होणे ही झटका जवळ आल्याची चिन्हे होत. काहींत मात्र कोणतेही लक्षण न दिसता थेट झटका येतो. अशा वेळी रक्तदाबाची नोंद असेल तरच पूर्वसूचना मिळते.

उपचार : झटका आल्यास स्त्रीला डाव्या कुशीवर वळवावे आणि तोंडात चमचा वगैरे काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने झटका थांबत नाही. मद्रासच्या कृष्ण मेनन यांचे ‘लायटिक कॉकटेल’ (पेथिडीन, क्लोरप्रोमाझीन, प्रोमेथाझीन) भारतात दीर्घकाळ प्रचारात होते. 1995 च्या बहुराष्ट्रीय चाचणीत झटके पुन्हा येण्याचे प्रमाण मॅग्नेशियम सल्फेटने डायझेपामपेक्षा निम्म्याहून अधिक घटले आणि कोणते औषध द्यावे हा मतभेद जवळजवळ मिटला. मॅग्नेशियम सल्फेट देण्याच्या प्रिचर्ड पद्धतीत शिरेतून 4 ग्रॅ. व दोन्ही ढुंगणांत 5–5 ग्रॅ. देऊन पुढे दर चार तासांनी 5 ग्रॅ. देतात. प्रत्येक मात्रेपूर्वी गुडघ्याचा प्रतिक्षेप (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडणे), श्वासगती आणि लघवी तपासतात, कारण मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा. भारतीय स्त्रियांचे वजन लक्षात घेऊन कमी मात्रेची पद्धत सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातूनही मांडली गेली. ती उपयुक्त दिसते, पण सर्वमान्य नाही. रक्तदाबासाठी लॅबेटालॉल, निफेडिपिन देतात. मूळ इलाज प्रसूती हाच. प्रसूतीनंतर रक्तस्राव रोखण्यासाठी दिले जाणारे मेथिलअर्गोमेट्रीन अशा मातेला टाळतात. प्रतिबंधासाठी जोखमीच्या मातेस कमी मात्रेचे ॲस्पिरिन आणि सर्वांना कॅल्शियम देतात. मीठ तोडल्याने रोग टळत नाही.

मराठवाड्यातील स्थिती : राष्ट्रीय नमुना नोंदणीनुसार 2018–20 मध्ये महाराष्ट्राचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे 33 होता (भारत 97). ही पाहणी जिल्हावार दर देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 मध्ये 20–24 वयोगटातील, अठराच्या आत लग्न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण परभणीत 48 व बीडमध्ये सुमारे 44 टक्के आले. राज्याचे सुमारे 22 आहे. कोवळ्या वयातील पहिले बाळंतपण हा जोखीमघटक येथे असा सार्वत्रिक होतो.

बीड व आसपासच्या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पावसाळ्यात दिवस गेलेल्या स्त्रीचे सहावा ते नववा हे महिने फडातच (ऊसतोडीच्या शेतात) जातात. नाव गावच्या आशाताईच्या वहीत आणि स्त्री फडाजवळच्या कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत), अशी स्थिती होते. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. तपासणीसाठी एक दिवस गेला तर खाडा लागतो आणि उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटायची राहते. त्यामुळे दर महिन्याच्या 9 तारखेची प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची (2016) तपासणी गावात होत असली तरी फडातल्या बाईच्या हाती ती लागत नाही. गरोदरपणाचे कार्ड सोबत नेले तर पूर्वीचा रक्तदाब नव्या डॉक्टरला दिसतो.

वरच्या स्तरावरील उपचार छत्रपती संभाजीनगर (1956), अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत होतात. बीड जिल्ह्यातील आष्टीहून अंबाजोगाईपेक्षा अहिल्यानगर जवळ पडते आणि नांदेड जिल्ह्यातील किनवटहून नांदेडपेक्षा तेलंगणातील आदिलाबाद, त्यामुळे रुग्ण जिल्ह्याबाहेर वा राज्याबाहेरही जातात. रेफर करण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा (प्रत्येक ढुंगणात 5 ग्रॅ.) देण्याची मुभा केंद्र शासनाच्या मार्गदर्शिकेने प्रशिक्षित एएनएमलाही (उपकेंद्रातील परिचारिकेलाही) दिली आहे. झटके बाळंतपणानंतरही, बहुतांशी पहिल्या 48 तासांत येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी परतलेल्या बाळंतिणीला झटका आल्यास त्याला बाहेरची बाधा समजण्याचा प्रघात काही ठिकाणी अजून आढळतो.