पूर ओसरल्यावरचं इंजेक्शन

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांवर गेली की धोका पातळी गाठली जाते आणि सगळ्या कोल्हापूरचे डोळे त्या आकड्याला लागतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात हेच झालं. पण रोगराईचं खरं दुखणं पाणी उतरल्यावर सुरू होतं. लोक घरातला गाळ उपसतात, वाकलेले पत्रे ओढतात, गोठे धुतात. पायाला काहीतरी कापतं, मग दवाखान्यात जाऊन म्हणतात, "पुराचं एक इंजेक्शन देऊन टाका." सगळ्या रोगांना पुरेल असं इंजेक्शन मात्र नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

पत्र्याने कापलं की आठवतो तो धनुर्वात. त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. खोल जखमेत हवा पोहोचत नाही, तिथे ते रुजतात आणि एक विष तयार करतात. हे विष मज्जातंतूंमधून वर चढत मज्जारज्जूत जातं आणि स्नायूंना सैल पडायला सांगणारे संदेशच अडवतं. दातखीळ बसते, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. मज्जातंतूला एकदा चिकटलेलं विष कुठल्याही औषधाने सुटत नाही. प्रतिविष दिलं तरी ते फक्त मोकळं फिरणारं विष निकामी करतं. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो. जीव घ्यायला पुरणारं विष इतकं थोडं असतं की शरीराला त्याची ओळखच पटत नाही. ती ओळख लस करून देते. फॉर्मालिनने विषाची धार काढलेली असते, रूप मात्र तसंच राहतं. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे विष निकामी करणारी प्रथिनं, बनवतं आणि ते रूप लक्षात ठेवतं. आधीचे डोस पूर्ण झालेले असले, तर जखमेनंतरच्या एका डोसने काही दिवसांत प्रतिपिंडं वर येतात. आधी लस घेतलीच नसेल आणि जखम घाण असेल, तर लसीसोबत तयार प्रतिपिंडंही द्यावी लागतात. आपण सवयीने 'टीटी' म्हणतो, पण 2019 पासून सरकारी लसीकरणात तिच्या जागी घटसर्पापासूनही वाचवणारी 'टीडी' आली आहे.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाचं, सगळं उलटं. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून आत शिरतात. त्यांचे दोनशेहून अधिक उपप्रकार आहेत. एकाविरुद्धची लस दुसऱ्याला क्वचितच रोखते, त्यामुळे आपल्याकडे माणसांसाठी ती नेहमीच्या वापरात नाही. औषधं मात्र चांगली आहेत. डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन लवकर सुरू झालं तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला की मूत्रपिंडं, यकृत, फुफ्फुसं धोक्यात येतात. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं आणि लाल डोळे दिसले, तर पुराच्या पाण्यात उतरल्याचं डॉक्टरांना न विचारताच सांगा. माझ्या मते तपासणीच्या कागदाइतकंच ते वाक्य मोलाचं आहे. पाण्यात सतत काम करणाऱ्यांना डॉक्टर आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देतात. शेजाऱ्याच्या गोळ्या आपण घेऊ नयेत, गरोदर बाईने तर नाहीच.

उरली कावीळ. 2012 मध्ये इचलकरंजीत तिची मोठी साथ आली होती, ती हेपॅटायटिस ई या विषाणूची. विषाणूवर प्रतिजैविकं चालत नाहीत. या विषाणूवरची लस चीनमध्ये तयार झाली, पण आपल्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. बहुतेकांची कावीळ विश्रांतीने आपोआप उतरते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती जिवावर बेतते. इथे बचाव नळातच करावा लागतो. सांडपाणी शिरलेली जलवाहिनी दुरुस्त व्हायला हवी, पाण्यात पुरेसं क्लोरीन हवं. आणि ते होईपर्यंत, घरात गरोदर बाई असेल तर तिच्या पिण्याचं पाणी खळखळून उकळलेलंच असायला हवं.