चौदा टनांची क्रेन आणि बारा सेंटिमीटर

मे महिना आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॅप गटांवर कलंडलेल्या पर्जन्यवृक्षांचे फोटो फिरू लागतात. त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, "चौदा टनांची हायड्रा बोलवा, वरून धरा, खालून कापा, ट्रकात टाका." हायड्रा म्हणजे टायरवर चालणारी, भार घेऊन फिरणारी क्रेन. फांदी टनभराची, क्रेन चौदा टनांची, मग अडचण कसली? असा हा हिशेब. त्यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही शाळेतल्या भौतिकशास्त्रातल्या आहेत.

पहिली लवकर उरकू. क्रेनवर रंगवलेले चौदा टन हे बूम, म्हणजे क्रेनचा लांब होणारा हात, आखडलेली आणि भार अगदी चाकांपुढे असतानाचे. क्रेन ही तरफ आहे; भार गुणिले अंतर हा गुणाकार तिला पेलावा लागतो, शिवाय लांबवलेल्या बूमचं स्वतःचं वजनही. दहा मीटरवर तीच हायड्रा एक-दोन टनांची उरते. किती अंतरावर किती भार चालेल याचे खरे आकडे केबिनमधल्या लोड चार्टवर असतात, आणि तो बऱ्याचदा उन्हाने उडालेला असतो. हायड्राला जमिनीवर टेकवायचे जॅकही नसतात, ती टायरवरच तोल सांभाळते. जॅकवाली क्रेन आणली तर ओझं जमिनीवर येतं. एका पायावर १५ टन आले आणि त्याची थाळी ३० सेंटिमीटर चौरस असेल, तर दाब चौरस मीटरला सुमारे १६७ टन. पायाखाली एक मीटर चौरस जाड पोलादी प्लेट घातली की तो १५ टनांवर येतो. नुकत्याच बुजवलेल्या केबलच्या चरावर किंवा ड्रेनेजच्या झाकणावर मात्र प्लेट घालूनही पाय ठेवू नये.

फांदीचं वजनही नजरेने ठरत नाही. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला ९०० ते १००० किलो धरावं, जवळजवळ पाण्याइतकं. ६० सेंटिमीटर व्यासाचा तीन मीटर ओंडका ०.८५ घनमीटर भरतो, म्हणजे ८५० किलोपर्यंत जातो. व्यास ८५ झाला की वजन दुप्पट.

आता दुसरी चूक, जी माणसं मारते. हा ८५० किलोचा तुकडा क्रेनच्या हुकाला लावलेल्या पट्ट्यात बांधला, पण पट्टा थोडा सैल राहिला. काप पूर्ण झाला, तुकडा १२ सेंटिमीटर खाली आला आणि पट्ट्याने त्याला अडवलं. क्रेनला भार किती जाणवला? पडताना तुकड्याने गमावलेली स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती तारेचा दोर आणि पट्टा ताणण्यात, बूम वाकवण्यात जाते. हे सगळं मिळून एक स्प्रिंग समजा. तोच तुकडा अलगद टांगला असता तर ही स्प्रिंग जितकी ताणली असती, त्याला शांत ताण म्हणू. ऊर्जेचं समीकरण सोडवलं की हाती येतं:

झटका = वजन × (१ + √(१ + २ × पडण्याची उंची ÷ शांत ताण))

शांत ताण ३ सेंटिमीटर धरा. २ × १२ ÷ ३ = ८; एक मिळवून ९; वर्गमूळ ३; पुन्हा एक मिळवून ४. म्हणजे चौपट, ३.४ टन. यंत्रणा जास्त ताठर असेल आणि शांत ताण १ सेंटिमीटरच असेल, तर सहापट.

या सूत्रात उंची शून्य घालून बघा. उत्तर शून्य येत नाही, दोन येतं! पट्टा डोळ्यांना सरळ दिसतोय, पण त्याने भार घेतलेला नाही, अशा वेळी तुकडा अजिबात 'न पडताही' दुप्पट झटका देतो. म्हणून "पट्टा ताठ केलाय" एवढ्यावर भागत नाही. काप सुरू होण्याआधीच क्रेनने अंदाजे निम्मं वजन उचलून धरलं असेल, तर झटका दीडपट. पूर्ण वजन धरलं असेल तर झटका उरतच नाही, कारण स्प्रिंग जिथे थांबायची तिथे आधीच पोचलेली असते. जास्त ओढणंही वाईटच. दुप्पट ओढ घेतली तर तुकडा सुटताच वर उसळतो, दोर क्षणभर सैल पडतो, आणि शेजारी कापणारा माणूस असतो.

ओढ बरोबर आहे की नाही हे झाडच सांगतं. आडव्या फांदीत वरचे तंतू ताणलेले आणि खालचे दाबलेले असतात. क्रेनने जास्त ओढलं की हे उलटं होतं. चेनसॉची खाच सात-आठ मिलिमीटरची असते. वरून घातलेली खाच मिटायला लागली आणि चेन जिच्यावरून फिरते ती करवतीची पट्टी आत अडकली, तर ओढ जास्त. खाच आ वासायला लागली तर कमी. तिथेच थांबून ऑपरेटरला वॉकीटॉकीवर सांगायचं. तसंच कापत राहिलं तर फांदी तंतूंच्या दिशेने उभी चिरते.

पट्टा गुरुत्वमध्याच्या वर हवा. पानांसह असलेल्या फांदीचा गुरुत्वमध्य शेंड्याकडे किती सरकलाय याचा अंदाज चुकला, तर तुकडा सुटताच जाड टोक वर उसळतं. दोन पट्टे लावले तर त्यांच्यातला कोन ६० अंशांच्या आत ठेवावा; १२० अंशांना प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण वजन येतं. हुक बरोबर वर नसेल तर तुकडा लोलकासारखा झुलतो, आणि बाजूच्या ओढीला बूम फार कमकुवत असते. कापणाऱ्याने स्वतःला न सुटणाऱ्या भागाला दोन ठिकाणी बांधायचं आणि हेलकाव्याच्या वाटेबाहेर उभं राहायचं. जवळून वीजवाहिनी जात असेल तर ती आधी बंद करून घ्यायची.

पिंपळ असेल तर आणखी एक खोळंबा. त्यावर मुंजा राहतो म्हणून कापायला माणूस मिळत नाही. मिळाला तर आधी नारळ फोडतो. खुशाल फोडा. पण तेवढ्याच वेळात हातोडीने बुंधा सगळीकडून ठोकून बघा. आवाज बदबद आला किंवा मुळाशी अळंब्या दिसल्या, तर आत पोकळी असू शकते. अशा झाडावर दोर लावून फांद्या उतरवल्या तर प्रत्येक झटका त्या कुजलेल्या खोडालाच बसतो. क्रेनचा खरा उपयोग इथे आहे: भार झाडावर येतच नाही.

खोड शेवटी येतं. पोकळ खोडाभोवती पट्टा आवळला की कवच चेपू शकतं, म्हणून तुकडे आखूड घ्यावेत. रस्त्याकडेच्या जुन्या झाडांत फलकांचे खिळे आणि गिळलेल्या लोखंडी जाळ्या असतात; सेकंदाला वीसेक मीटर वेगाने धावणारी चेन त्यावर आपटली की दात जातात, कधी चेन तुटून मागे येते. काही झाडांच्या ढोली पूर्वी काँक्रीटने भरल्या आहेत. काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो. अर्ध्या खोडात ते भरलेलं असेल तर ८५० किलोचा ओंडका १४०० किलोंच्या पुढे जातो. म्हणून शंका आली की कापण्याआधी लांब ड्रिलने भोक पाडून बाहेर येणारा भुसा बघायचा: पांढरी-करडी पूड आली तर वजन नव्याने काढायचं, तुकडा आखूड करायचा आणि काप ढोलीच्या वर किंवा खाली घ्यायचा.