पाटोद्याचा पैलवान, मांडव्याचा धावपटू

बीड जिल्ह्यातले आष्टी आणि पाटोदा हे तालुके एकमेकांना चिकटून आहेत. बालाघाटाचा माळ, मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि दसरा-दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन कारखान्याकडे निघणारी बिऱ्हाडं. पाटोदा तालुक्याने कुस्तीला राहुल आवारे दिला, तर आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावाने अ‍ॅथलेटिक्सला अविनाश साबळे. या दोघांत मोठा कोण, हा वाद आमच्याकडे पारावर, रसवंतीवर, एसटीच्या थांब्यावर कुठेही पेटतो. एक जण राष्ट्रकुलचं सुवर्ण काढतो, दुसरा ऑलिंपिकची अंतिम फेरी काढतो, आणि तिसरा चहाचे पैसे कोण देणार ते विचारतो.

पदकं मोजून हा वाद मिटत नाही. हे दोघं ज्या वाटेने गेले, त्या वाटेवर त्यांच्या आधी कोण चाललं होतं, हे आधी बघायला हवं.

कुस्तीची वाट मळलेली होती. मात्र ती मराठवाड्यात सुरू होऊन बाहेर जायची. कोल्हापूरला शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, मल्लांना आश्रय दिला. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथल्या कुस्तीला जगवलं ते जत्रांनी. हलगी कडाडली की फडाभोवती माणसांचं कडं पडतं. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी, मग शंभर-दोनशेच्या, आणि दिवस कलताना शेवटची मोठी निकाली. जिंकलेल्या पोराला कुणीतरी खांद्यावर घेतं, तो मातीच्या अंगाने कडेकडेने फिरतो आणि लोक त्याच्या हातात नोटा देतात. त्या पैशातून खुराक चालतो. चुणूक दिसली की बाप पोराला कोल्हापूरला नाहीतर पुण्याला तालमीत नेऊन टाकतो.

लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच वाटेने कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले आणि १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. सतपालसारख्या मल्लाला त्यांनी बेळगावच्या मैदानात चितपट केलं. ती कुस्ती न पाहिलेले लोकही आजवर ती पाहिल्यासारखी सांगतात. पुढे बिराजदार मामा पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवायला लागले. लातूरचेच काका पवार त्यांचे पठ्ठे. त्यांना १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. राहुल आवारे पाटोद्याहून पुण्याला गेला तो मामांकडे, आणि २०११ मध्ये मामा गेल्यावर काका पवारांकडे. म्हणजे मराठवाड्याची तीन पिढ्यांची कुस्ती पुण्याच्या मातीत वाढली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. महाराष्ट्र केसरीची सुरुवात १९६१ साली औरंगाबादलाच झाली, पण ती गदा वजनदार गड्यांची. ५७ किलोच्या पैलवानाच्या खांद्यावर ती येण्याची सोयच नाही. राहुलचं वजन जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीचंही नव्हतं. त्याला जे काही मिळवायचं होतं ते मॅटवर, परदेशात. तिथे कुणाला पाठवायचं हे चाचणी, वजनगट आणि समित्या ठरवतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला त्याच्या वजनगटातून संदीप तोमर गेला. टोकियोला रवी दहिया गेला आणि रौप्य घेऊन आला. राहुल ऑलिंपिकच्या मॅटवर कधी उतरलाच नाही. त्याच्यापुढे हरयाणाची अख्खी फळी उभी होती, हे पारावरचा वाद विसरतो.

२०१८ च्या एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलची अंतिम कुस्ती तो कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीबरोबर खेळला. निकाल १५-७. सहा मिनिटांत बावीस गुण, म्हणजे दोघांनीही राखून काही ठेवलं नाही. गुण गेला की लगेच वसूल, ही जत्रेतली सवय. ते सुवर्ण राहुलने बिराजदार मामांना अर्पण केलं. पुढच्या वर्षी नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य मिळालं. तो वजनगट ऑलिंपिकमध्ये नसतो, त्यामुळे जगात तिसरा येऊनही टोकियोचं दार काही उघडलं नाही. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. राज्य सरकारने त्याला पोलिस उपअधीक्षक केलं.

अविनाशच्या आधी या वाटेवर कुणीच नव्हतं. स्टीपलचेस हा शब्द आमच्याकडे वर्तमानपत्राने आणला. तीन हजार मीटर, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. अडथळा ९१.४ सेंटीमीटर उंच, आणि तो लाकडी तुळईसारखा पक्का असतो. एकशेदहा-चारशे मीटरच्या हर्डल्ससारखा धक्क्याने पडत नाही, पडतो तो धावणारा. पाण्याच्या उडीवर बरेच जण तुळईवर पाय देऊन झेप घेतात आणि खड्ड्याच्या उथळ कडेला उतरतात. एक पाय ओलाच होतो. तो ओला बूट घेऊन पुढचा अडथळा.

आईवडील वीटभट्टीवर मजुरी करणारे, शाळा सहा-सात किलोमीटर लांब, आणि हा पळत जायचा. हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण शाळेला पळत जाणारी पोरं आमच्याकडे गल्लोगल्ली होती, त्याने धावपटू होत नाही. अविनाशला धावपटू केलं सैन्याने. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम इथे नोकरी केली, आणि २०१५ मध्ये लष्कराच्या क्रॉसकंट्रीत उतरला तेव्हा विशी ओलांडलेली होती. त्या वयात पैलवानाच्या अंगावर दहा वर्षांची माती असते. तालीम, खुराक, वस्ताद हे सगळं त्याला पलटणीत मिळालं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांत शर्यत संपवून गोपाल सैनी यांचा १९८१ चा विक्रम मोडला. नंतर तो स्वतःचेच विक्रम मोडत राहिला. दोहाच्या २०१९ च्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक शर्यतीत दुसऱ्या धावपटूंच्या पायांत अडकून अडखळला, सातवा आला. भारताने तक्रार केली, ती मान्य झाली आणि तो अंतिम फेरीत गेला.

बर्मिंगहॅमची, २०२२ ची राष्ट्रकुल शर्यत मी अजूनही मोबाईलवर लावून बघतो. १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात दोघांशिवाय बाकी कुणी दिसतच नाही. पुढे अब्राहम किबिवोट आणि त्याच्या खांद्याला लागून अविनाश. किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. पाच शतांश सेकंदांचं अंतर. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण आणि पाच हजार मीटरचं रौप्य. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. त्याच पॅरिसमध्ये महिन्याभराने ऑलिंपिकची अंतिम फेरी, जिथे या शर्यतीत आजवर एकही भारतीय पुरुष पोचला नव्हता. तिथे तो अकरावा आला. महिलांमध्ये साताऱ्याच्या ललिता बाबरने ते रिओलाच करून दाखवलं होतं, हेही सांगायला हवं.

मला विचाराल तर घड्याळाच्या बाजूने अविनाश मोठा. घड्याळ जात, गाव, वशिला काही विचारत नाही. वेळ दिली की नाव लागतं. राहुलच्या बाजूने बोलणारं असं घड्याळ नव्हतं. त्याची उमेदीची काही वर्षं निवडीची वाट बघण्यात गेली आणि ती कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत. म्हणून तक्ता बघून त्याला कमी म्हणणाऱ्याशी मी भांडतो.

दोघांनाही गाव सोडावं लागलं, ही गोष्ट मात्र सारखी. आष्टीला रेल्वे यायला २०२२ उजाडलं, बीडला २०२५. त्याच २०२५ च्या जुलैत मोनॅकोला अविनाश पाण्याच्या उडीपाशी पडला आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला. त्या आठवड्यात आमच्या पारावर वाद झाला नाही. कुस्तीवाले आणि धावण्यावाले, दोन्ही बाजू गुडघ्याचं ऑपरेशन केलेला पैलवान किती महिन्यांनी फडात उतरतो, याचाच हिशोब करत बसल्या होत्या.