सिनेटर मंत्री झाला की सिनेट सोडावीच लागते?

ऑस्ट्रेलियात कामगारांचे खटले लढवणारा वकील सिनेटर (म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचा, सिनेटचा सदस्य) आणि पुढे मंत्री झाला, की त्याच्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये एक ओळ हमखास असते: ‘मंत्रिपदासाठी सिनेटचा राजीनामा द्यावाच लागतो.’

ही अट अमेरिकेतली आहे. तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातले सहावे कलम सरकारी पद आणि संसदेचे सदस्यत्व एकत्र ठेवू देत नाही. बातम्या बहुतेक तिथल्याच येतात, म्हणून गैरसमज होणे साहजिक आहे.

ऑस्ट्रेलियात नेमके उलटे! तिथल्या घटनेचे कलम ६४ सांगते की संसदेच्या कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसलेला माणूस तीन महिन्यांहून जास्त मंत्री राहू शकत नाही. म्हणजे सिनेटची जागा मंत्रिपदाच्या आड येत नाही, उलट तिच्यामुळेच ते टिकते. सरकारी लाभाचे पद घेतले की खासदारकी जाते, त्याचे काय, हा प्रश्न रास्त आहे. पण कलम ४४ मध्ये मंत्र्यांना त्यातून स्पष्ट सूट आहे.

खात्री करायची तर तिथल्या मंत्रिमंडळाची अधिकृत यादी उघडा. काही मंत्र्यांच्या नावाआधी ‘सिनेटर’ लिहिलेले दिसेल.

आपल्याकडेही राज्यसभेचे खासदार मंत्री होतात. अनुच्छेद ७५(५) मधली मुदत मात्र सहा महिन्यांची आहे.